होडीतला आतोबा

आमच्या पेपरात शब्दकोडं करणाऱ्या बाईंना सगळे कोडेबाई म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं. आधी त्या नुसत्या वाचक होत्या. छापलेल्या कोड्यातली एक चूक दाखवायला तणतणत जिना चढून आल्या, संपादकांची बिनपाण्याने केली आणि जाताना कोड्याचं काम घेऊनच गेल्या. तेव्हापासून खिडकीपाशी त्यांचं टेबल. त्यांच्या खोडरबराला हात लावायची कोणाची छाती नव्हती. एकदा मी लावला होता, पुन्हा लावला नाही.

कोडं कोपऱ्यात अडलं की बाई होडी आणायच्या. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक, मग शीड, सुकाणू, डोलकाठी, नाहीतर शीड ज्या आडव्या दांड्याला बांधतात ते परबाण. सुटसुटीत शब्द, कुठेही बसतात. पान लावायचं काम माझं. मी विचारायचो, "काय बाई, आज कोड्यात किती पाणी शिरलंय?"

"तुमच्या डोक्यात शिरलंय त्यापेक्षा कमीच."

बाईंनी समुद्र पाहिला होता तो फक्त फोटोत. हे शब्द नवऱ्याचे. तो घड्याळं दुरुस्त करायचा, पण तरुणपणी होड्यांवर होता. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघं समोरासमोर बसायची, त्याच्या डोळ्याला भिंग, हिच्या हातात पेन्सिल. हिचं अडलं की तो मान वर न करता म्हणायचा, "नाळ घाल." मूलबाळ नव्हतं. त्याला तर मागेपुढे कोणीच नव्हतं, अनाथाश्रमात वाढलेला माणूस. गेल्या वर्षी तो गेला. त्यानंतर कोड्यात होड्या जरा जास्तच येऊ लागल्या. मी एरवी खवचट, पण त्याबद्दल कधी बोललो नाही.

मग एका रविवारी आला आतोबा. 'होडीतला खाऊ ठेवायचा कप्पा, तीन अक्षरं.' दुसऱ्या दिवशी फोनवर फोन. असा शब्दच नाही म्हणे. संपादक भडकले, मी होते नव्हते तेवढे शब्दकोश पालथे घातले. आतोबाचा पत्ता नाही. पण बाई हटायला तयार नाहीत.

"आमच्या ह्यांनी सांगितलेला शब्द आहे. ते मला खोटं काही सांगायचे नाहीत."

त्याच आठवड्यात एक म्हातारी धापा टाकत वर आली. आणखी एक तक्रार, असं म्हणून मी तिला सरळ कोडेबाईंच्या टेबलाशी नेलं. बाई भांडायच्या तयारीत होत्याच.

"आतोबा कोणी सांगितलं तुम्हाला?" म्हातारीने विचारलं.

"माझ्या मिस्टरांनी. का? होड्यांवर होते ते. सगळ्या होड्यांत असतो."

"सगळ्या नाही. एकाच होडीत होता. आजोबांनी आम्हा पोरांसाठी मागच्या फळीखाली कप्पा केला होता, आणि त्याला हे नाव मी ठेवलं. घराबाहेर कोणाला ठाऊक नाही." ती थांबली. "त्यांच्या उजव्या कानाची पाळी फाटलेली होती का?"

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "आश्रमात खिळा लागला होता."

"कसला आश्रम? गळ लागला होता, माझ्याच हातातला. माझा धाकटा भाऊ तो. वादळात गेला. फुटकी होडी सापडली, माणसं नाही सापडली. आई त्याची वाट बघत मेली हो!"

कोडेबाई कशाबशा म्हणाल्या, "ते गेल्या वर्षी गेले. झोपेतच. पण मला म्हणाले होते, कोणी नाही म्हणून..."

गेल्या वर्षी म्हटल्यावर म्हातारी मटकन खुर्चीत बसली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "त्याची बायको खाली टॅक्सीत आहे. गुडघे गेलेत, जिना चढवत नाही. तिला वाटतंय, त्याच्याबरोबरचा एखादा खलाशी वाचला असेल, त्यानेच हा शब्द सांगितला असेल. आता मी तिला काय सांगू?"

बायको! लग्नाची, जिवंत, आमच्याच दारात! मला त्या मेलेल्या घड्याळजीचा असा संताप आला की समोर असता तर कानाखाली जाळ काढला असता. बाई मात्र उठल्या. भिंतीला धरून जिना उतरायला लागल्या. मी मागोमाग गेलो, पडल्या तर सावरायला.

टॅक्सीत अगदी लहानखुरी बाई बसली होती. काच खाली करून तिने घाईघाईने विचारलं, "तुम्हाला कळलं का हो काही? फार घाबरले होते का बुडताना? पोहता यायचं नाही त्यांना."

बाई, मारा थाप, मी मनात म्हणत होतो. एवढीशी थाप, कोणाचं काय जातंय? नणंदेनेही डोळ्यांनी तेच विनवलं. मी असतो तर खलाशीही उभा केला असता आणि त्याच्या तोंडी चार गोड वाक्यंही घातली असती.

बाईंनी टॅक्सीचं दार घट्ट धरलं.

"ते बुडाले नाहीत," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे होते. तीस वर्षं. तुम्ही आहात हे मला माहीत नव्हतं हो, खरंच माहीत नव्हतं."

मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं आणि इंजिन बंद केलं. आतली लहानखुरी बाई रडली नाही की ओरडली नाही.

"आणि मी आपली समुद्राला शिव्या देत बसले," ती म्हणाली.