अखंड अस्तर

माझ्या शिवणकामाचं आजवर एकाच माणसाने कौतुक केलं आहे, आणि तेही पडद्याच्या आतून.

ऐंशीच्या सुमारास आम्ही नाशिकला नव्या कॉलनीत राहायला आलो. बैठकीच्या खोलीला पश्चिमेची भलीमोठी खिडकी. दुपारी असं ऊन यायचं, की सोफ्यावर पापड वाळले असते. (एकदा वाळवले. छान वाळले.) त्यातच सटाण्याहून सासूबाई येणार असल्याचं कळलं. माझ्या माहेरहून आलेल्या शिलाई मशीनला त्या 'शोभेचं मशीन' म्हणत. या खेपेला त्यांच्या तोंडून एक तरी चांगला शब्द काढायचाच, असा मी चंग बांधला. अस्तराचे पडदे शिवायचे!

"टेलरकडे टाकू या का?" हे म्हणाले.

"मग मशीनवर काय पापड वाळवू?"

पडदे दोन, गुलाबी फुलांचे. अस्तराला मांजरपाट मात्र चांगलं रुंद मिळालं. एवढं छान कापड मधोमध फाडायचं जिवावर आलं! म्हणून दोन्ही पडद्यांना मिळून एकच अस्तर लावलं. वर आणि दोन्ही कडांना दुहेरी टीप. टांगल्यावर पुढून इतके देखणे दिसले, की मी घरात ताकीदच दिली, "आई येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही!"

सासूबाई आल्या आणि खिडकीखालच्या सोफ्यावर टेकल्या. "अंधार का बरं शे? पडदा उघड ना!"

याच क्षणाची तर मी वाट पाहत होते! झोकात दोन्ही पडदे बाजूला केले. फुलं सरकली, आणि मागे पांढरंशुभ्र अस्तर.

"खिडकी कोठे शे?" सासूबाईंनी विचारलं.

"आहे ना, मागेच आहे!" म्हणत मी जोर लावला. पडद्याची स्प्रिंग खिळ्यासकट निघाली आणि सगळा प्रकार त्यांच्या अंगावर! फुलं आणि अस्तर यांच्यामधल्या पिशवीत सासूबाई गडप झाल्या.

"आई, कुठे गेलीस?" हे धावत आले.

"मी आठेच शे! तू खिडकी देख!"

यथावकाश मधल्या फटीतून त्यांचं डोकं बाहेर आलं. त्यांनी कडेची शिवण ओढून पाहिली. पुन्हा ओढली. उसवेना.

"टाका ते पक्का शे वं!"

मला भरून आलं. लग्नानंतरचं पहिलं कौतुक! मी तिथल्या तिथे त्यांच्या पाया पडले. (पाय सापडायला वेळ लागला.)

दुसऱ्याच दिवशी मी अस्तर मधोमध कापलं आणि खोलीत उजेड आला. पण पुढे सटाण्याला गेले, तेव्हा शेजारणी खास मला बघायला जमल्या होत्या. सासूबाईंनी मोठ्या अभिमानाने मला पुढे केलं.

"हीच मनी सून. भिंत शिवस!"