थंड राख

अंगणात टाकलेल्या जळक्या गादीचा वास येतोय आणि आमचं बाभुळगाव आठवतंय. मी विशीची असताना बाबांचं कापसाचं गोदाम जळालं. विमा नव्हता, म्हणून नुकसान उत्पन्नातून वजा करा, अशी तार बाबांनी त्याच दिवशी आयकर कचेरीला केली. तिसऱ्या दिवशी आयकराचे साहेब आले आणि त्यांनी राखेच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला. "ही तर थंडगार आहे." बाबा म्हणाले, "तीन दिवस झाले, पाणी मारून राह्यलो ना साहेब! इचारा पोरीले." साहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. आगीच्या दिवसापासून मी यवतमाळला मावशीकडे होते, साहेब आले त्याच सकाळी परतले होते. तरी मी "हो" म्हणाले. त्यांनी ते लिहून घेतलं. आता या एका गादीवर तीन दिवसांत मी किती बादल्या ओतल्या. मघाशी आतल्या कापसात बोट घातलं, तर चटका बसला. आणि ते तर म्हणे कापसानं भरलेलं अख्खं गोदाम होतं.