करंट नसलेले गरम बोर्ड

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. अंगात येणं, नजर लागणं... आमच्याकडे सगळे मानतात. मी नुसती मान हलवायची आणि गप्प बसायची. गप्प बसणं मला जमतं. हेसुद्धा वहीतच लिहितेय. शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा चुकलं तर चुकलं.

मी कोसाडला राहते आणि कामरेजजवळच्या एका छोट्या कारखान्यात कामाला जाते. तिथे भरतकामाच्या मशीनचे सर्किट बोर्ड बनतात. शेजारची मंगलाताई हाताने सोल्डरिंग करते, मी भिंगाखाली बोर्ड तपासते. मला तिथे तिनेच लावलं.

दसऱ्यानंतर तिच्या टेबलावरचे बोर्ड बिघडायला लागले. संध्याकाळी टेस्टिंगला पास, दुसऱ्या दिवशी बंद. सगळे नाहीत, दहातला एखादा-दुसरा. सुपरवायझर हितेशभाईंनी सोल्डरिंगचं टोक बदललं, तार बदलली, तापमान मोजलं. काही सापडेना. शेवटी म्हणाले, "मंगलाबेन, शनिवार तक देखता हूँ. फिर आपकी जगह दूसरी को बिठाऊँगा."

ताईच्या नवऱ्याचं कापडाच्या लूमवरचं काम सुटलेलं. घर तिच्या एकटीवर चाललेलं.

त्याच दुपारी तिचा एक बोर्ड हातात घेतला आणि मी दचकले. गरम! तव्यावरून काढून थोडा वेळ ठेवलेल्या भाकरीसारखा. बाकीचे गार. बोर्डाला करंट लावलेला नव्हता, सोल्डर होऊनही तास झाला होता. पुढे आणखी दोन तसेच लागले. तिन्ही बाजूला ठेवले. टेस्टिंगला पास झाले.

सकाळी तेच तीन बंद.

मी फक्त ताईला सांगितलं. तिने तिथूनच हाक मारली, "ओ हितेशभाई, इकडे या, आमच्या सुनंदाच्या हाताला बिघाड कळतो!" मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

हितेशभाई हसले. "अरे बेन, करंट नहीं है तो गरम किधर से होगा? तुम्हारी आँख को कुछ दिखता होगा." पण माणूस चौकस. त्यांनी ताईच्या टेबलावरचे वीस बोर्ड चंदेरी पिशव्यांत बंद केले, आतलं काहीच दिसेना. मी वरून हात ठेवत गेले आणि चार पिशव्या वेगळ्या केल्या. दुसऱ्या दिवशी तेच चार बंद, बाकी सोळा चालू.

मग मात्र ते हसले नाहीत. चारही बोर्ड घासून भिंगाखाली धरले. सोल्डर नीट धरावं म्हणून ब्रशने फ्लक्स लावतात, त्याच्या पिवळट थराखाली, बोर्डावरच्या सुट्या भागांच्या पायांमध्ये बारीक लाल कण. "ये लाल क्या है?"

मला लगेच कळलं. खंडेनवमीला ताई म्हणाली होती, "माझी पाळी आलीय, यंदा माझ्या टेबलाची पूजा तूच कर." मी मनापासून केली. टेबलाला, सोल्डरिंगच्या दांडीला कुंकू लावलं आणि तिच्या फ्लक्सच्या बाटलीच्या तोंडालाही लावलं. ब्रश आत-बाहेर करताना कुंकू आत पडत होतं. रात्रभर ओल धरून बोर्ड खात होतं.

बोलले तर माझी नोकरी जाईल असं वाटलं. नाही बोलले तर ताईची जाणारच होती. खाली बघतच म्हणाले, "ते कुंकू आहे. मी लावलं. ताईचा काही दोष नाही."

हितेशभाईंनी बाटली उघडून आत पाहिलं. कपाळावर हात मारला. "बेन, पूजा टेबल की करो, बाटली की क्यूँ?" आणि दोघींनाही कामाला बसायला सांगितलं. बाटली बदलली, बिघाड थांबला.

घरी येताना रिक्षात ताईने मला कोपराने ढोसलं. अहिराणीत म्हणाली, "तुले बोलता येस का वं?" आणि दोघी हसत सुटलो.

इथवरचं सगळं समजण्यासारखं आहे. पण हितेशभाईंच्या डोक्यातून ते गरम बोर्ड जाईनात. पुढच्या आठवड्यात त्यांनी एका चांगल्या बोर्डाला मुद्दाम कुंकू मिसळलेलं फ्लक्स लावलं आणि मला न सांगता इतरांमध्ये ठेवला. मी सगळे हाताळले. एकही गरम लागला नाही.

तो बोर्ड दुसऱ्या दिवशी बंद पडला.

म्हणजे कुंकवामुळे गरम लागत नव्हते. मग आधीचे सात कशाने गरम लागले? आणि ताईची नोकरी जायला आली होती, नेमके त्याच दिवसांत का?