साहेबांच्या बुट्टीत गेलेली वांगी

मामंजी जाऊन कितीतरी वर्षं झाली. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरते.

निपाणीच्या सासरी माझा तो दुसरा उन्हाळा. दुसरं महायुद्ध चालू होतं. सरकारनं तंबाखूवर नवा कर बसवला होता आणि माल मोजायला साहेब येऊन वखारीत बसायचे. मामंजींचा तंबाखूचा धंदा, त्यामुळे साहेबांचा मुक्काम म्हटलं की सगळं घर एका पायावर उभं.

घरामागचं परडं आक्कांचं. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. नवरा गेल्यावर माहेरी परतलेल्या. त्या घरात त्यांचं स्वतःचं म्हणावं असं अंगावरच्या लुगड्याशिवाय काही नव्हतं. म्हणून त्यांनी दगडगोटे वेचून ती जागा साफ केली आणि तिथं भाजी लावली होती. मी हाताखाली असे.

चैत्रातच विहीर तळाला गेली. आम्ही चर काढून मोरीचं पाणी परड्यात वळवलं, वर खेपा घालून घागरी ओतल्या. तरी कोथिंबीर वीतभर व्हायच्या आत फुलली. दोडक्याला नुसती पिवळी फुलं, फळ धरेना. काकडीच्या वेलांची तांबड्या भुंग्यांनी चाळण केली, एकच वेल राहिला. घेवड्यावर मावा पडला, तेव्हा आक्कांनी वखारीतला तंबाखूचा चुरा भिजवून ते पाणी शिंपडलं आणि घेवडा सावरला. वांगी मात्र अशी लगडली की फांद्यांना काटक्यांचा टेकू द्यावा लागला.

"उद्या काढू गं," आक्का म्हणाल्या. "पयली भरली वांगी तू आन मी खायाची. मग बाकीच्यास्नी."

दुसऱ्या दिवशी आम्ही नदीवर धुणं घेऊन गेलो होतो. परत आलो तर परड्याचं दार सताड उघडं. वखारीतला गडी वेताची बुट्टी भरून निघालेला आणि मामंजी शेजारी उभे. कोवळी, जून, सगळी वांगी ओरबाडलेली. घेवड्याचा मांडव एका बाजूनं खाली आलेला. बियाण्यासाठी वेलावर पिकत ठेवलेली पिवळी काकडीसुद्धा बुट्टीत वर दिसत होती.

"आप्पा, ती काकडी बियाची हाय," आक्का म्हणाल्या.

"साहेब आल्यात. रिकाम्या हातानं जाऊ व्हय?" मामंजी म्हणाले. "बाजारात काय मिळत न्हाय त्यास्नी. आमच्या परड्यातलं हाय म्हणून सांगतो."

आमच्या. त्या माणसानं त्या मातीत कधी तांब्याभर पाणी ओतलं नव्हतं.

संध्याकाळी गडी रिकामी बुट्टी घेऊन आला. साहेबांच्या स्वयंपाक्यानं ती काकडी जून म्हणून घोड्यापुढं टाकली, असं त्यानं हसत सांगितलं. आक्का आत गेल्या. मी तिथंच उभी राहिले.

त्यानंतर आक्कांनी घागर उचलली नाही. चरही मातीनं बुजवून टाकला. झाडांनी माना टाकल्यावर मामंजींच्या लक्षात आलं.

"पाणी का घालत न्हाईस?"

"ज्यांनी खाल्लं त्यास्नी सांगा की घालाय."

मामंजींचा चेहरा लाल झाला. ते माझ्याकडं वळले. "सूनबाई, तू घाल."

"आक्का सांगतील तसं," मी म्हणाले. सासऱ्यांना उलट बोलायची ती माझी पहिली वेळ.

त्यांनी गड्याला लावलं. त्यानं थोडे दिवस दोन घागरी इकडं तिकडं ओतल्या आणि सोडून दिलं. परडं वाळलं. आपण वाढवलेली झाडं डोळ्यांदेखत वाळताना बघणं सोपं नव्हतं. आक्का मागच्या दाराला जाईनाशा झाल्या. आणि वांगी खाऊनही साहेबांनी कराच्या मोजणीत सवलत दिली नाही ती नाहीच.

पाऊस लागल्यावर आक्कांनी शेजारणीकडून बी मागून आणलं आणि परड्याच्या दाराला कुलूप घातलं. किल्ली कमरेला. मामंजी कुलूप बघून वखारीकडं निघून गेले. चुकलं, असं मात्र मरेपर्यंत म्हणाले नाहीत. पुढं वांगं खावंसं वाटलं की ते मला सांगायचे. पोटच्या लेकीकडं मागायला त्यांची जीभ रेटत नसे.