बत्ती मीच लावली

कप आधी खाली ठेवा. परवा हा किस्सा ऐकताना एकाने नव्या शर्टावर चहा सांडला आणि त्याच्या बायकोने दोष मला दिला. म्हणजे फजिती माझी, आणि शर्टही माझ्याच माथी.

तुम्हाला माहीतच आहे, मी रायपूर स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत बसायचो. सारी नोकरी तिथेच गेली. कुणाची गाडी कुठे अडली, किती लेट, कोणत्या फलाटावर, सगळं तोंडपाठ. लोक कासावीस होऊन विचारायचे, मी मान वर न करता सांगायचो, "दो घंटा लेट." वाट पाहणं काय असतं ते मला काय ठाऊक? मी खिडकीच्या आतला माणूस.

मग आमची सुमन मुलीच्या बाळंतपणाला हैदराबादला गेली. दोन महिन्यांत येते म्हणाली. चार झाले. सुरुवातीला मी मजेत होतो, खोटं का बोलू? पण हळूहळू ध्यानात आलं, की मी ताट घेऊन स्वयंपाकघरातच बसतो. तिथे तिच्या डब्यांवर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत. जिरं. धणे. 'हा उघडू नका.' ती शेवटची मी रोज वाचायचो.

पण हे फोनवर बोलायचं कसं? आमच्या घराण्यात बायकोला असं सांगायची पद्धत नाही. मग एके दिवशी सकाळी तिने विचारलं, "अहो, जावई अजून दोन महिने राहा म्हणतात. शनिवारचं तिकीट रद्द करू काय?"

मी म्हणालो, "राहा ना आरामात. मले काय होते?"

ती मग "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. ते "बरं" दिवसभर माझ्या कानात होतं.

नेमकं त्याच संध्याकाळी माझ्या धाकट्या भावाच्या पोरीचं, पिंकीचं नाटक. पिंकीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं. "मोठे बाबा, आना ही है. ये स्टेज वाला नाटक नहीं है, इसमें आपको घूमना पड़ेगा."

"काहून वो, खुर्च्या नाही भेटल्या काय?"

तर झालं होतं असं. सरकारी ऑफिसं शहराबाहेर नवा रायपूरला गेली आणि शंकर नगरातला एक जुना सरकारी बंगला रिकामा पडला. त्यात हिने नाटक लावलं. जुन्या संस्कृत काव्यांत नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बायका असतात ना, त्यातली एकेक एकेका खोलीत. आपण अंधारात उभं राहायचं. "जिस कमरे की बत्ती जले, उधर जाना है. और बोलना बिलकुल नहीं, मोठे बाबा."

बोलना नहीं. हे कुणाला सांगते, तर चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला.

पहिली बत्ती व्हरांड्यात लागली. एक पोरगी नटूनथटून उंबऱ्याशी बसलेली. ती उठली, एकेकाच्या डोळ्यांत बघत आली आणि माझ्याचसमोर थांबली. "उनकी कोई ख़बर?"

आता मी काय करणार? तोंडातून निघून गेलं, "किस गाड़ी से आ रहे हैं?"

लोक हसले. ती मात्र हसली नाही. "परदेस से. कब आएँगे?"

"बेटा, गाड़ी नंबर बोलो, अभी देख के बताता हूँ," म्हणत मी चष्मा चढवून मोबाईल काढलासुद्धा. पिंकीने मागून माझा सदरा ओढला.

दुसऱ्या खोलीत एक रुसून पाठ फिरवून बसलेली होती. तशीच पाठमोरी म्हणाली, "ठीक है. मत आइए." मला एकदम ते सकाळचं "बरं" ऐकू आलं. आणि तेवढ्यात खिशात फोन थरथरला. सुमन.

"अहो, जावई मोबाईल घेऊन बसले. करतात रद्द. करू देऊ ना?"

बोळाच्या टोकाला एक अंधारी खोली दिसली, त्यात घुसलो. आता माझी एक खोड आहे. अंधारात मला फोनवरचं ऐकू येत नाही. हसू नका, कित्येकांचं तसं असतं. हात आपोआप भिंतीवरच्या बटणावर गेला.

ते स्वयंपाकघर होतं. समोर नुसत्या रिकाम्या फळ्या. एक डबा नाही, एक चिठ्ठी नाही. 

"नको करू देऊ रद्द," मी म्हणालो.

"काहून? सकाळी तर म्हणत होते, मले काय होते."

"सकाळी खोटं बोललो. मले करमत नाही, सुमन. घरी सारं हाय, गॅस हाय, टीव्ही हाय, पण करमत नाही. तुह्या चिठ्ठ्या वाचत जेवतो. रोज संध्याकाळी हैदराबादची गाडी कुठवर आली ते मोबाईलवर पाहतो. तू नसते त्याच्यात, माहीत हाय. तरी पाहतो."

तेवढ्यात मागे कुणीतरी नाक ओढलं.

वळून बघतो तर अख्खं नाटक माझ्यामागे उभं. पंचवीस-तीस माणसं. जिस कमरे की बत्ती जले, उधर जाना है. बत्ती मीच लावली होती.

टाळ्या सुरू झाल्या. मी म्हणतोय, "अरे भैया, मैं नाटक में नहीं हूँ," तर टाळ्या वाढल्या. त्यांना वाटलं, हेही नाटकातच आहे. पुढे उभी एक कॉलेजची पोट्टी डोळे पुसत विचारते, "अंकल, ये करमत क्या होता है?"

"मतलब… मन नहीं लगता. नहीं, वो भी नहीं. मन तो लगा सकते हैं. करमणं आपल्या हातात नसतं." आणि मी बत्तीचं बटण चाचपायला लागलो.

कानातून सुमनचा आवाज आला, जड झालेला. "सांगा ना तिले नीट. मीही ऐकते."

शनिवारी ती आली. गाडी दोन तास लेट होती, आणि मी फलाटावरून पाच वेळा चौकशीला जाऊन आलो. तिथल्या माणसाने मानही वर केली नाही.

रविवारी पुन्हा प्रयोग. पिंकी म्हणाली, "मोठे बाबा, वही करना, सेम टू सेम. लोग पूछ रहे हैं." मी फुगलो. दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. वेळ झाली तशी बत्ती लावली, फोन कानाला लावला, वळलो. सगळ्यांच्या पुढे सुमन. हातात पर्स, नजर माझ्यावर.

"मले कर…" म्हणालो आणि अडकलो. ती समोर उभी, मला चांगलं करमत होतं. खोटं कसं बोलू? आणि खरं बोलायला जीभ वळेना. लोक वाट बघताहेत. शेवटी आयुष्यभराच्या सवयीने तोंडातून निघालं, "चहा होईल का?"

बंगला हसून हसून पडायचा राहिला. माझी भूमिका तिथेच संपली. सुमन एवढंच म्हणाली, "घरी चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहापत्तीच्या डब्यावर नवी चिठ्ठी होती. 'आधी फोनवर बोलले ते समोर बोला, मग चहा.'

आज नववा दिवस आहे. उगाच नाही तुमच्याकडे येऊन बसलो. अजून अर्धा कप आहे का?