ऑक्सनथ्वेट घराण्याचा माझा अभ्यास

आमच्या घरात कुणालाही आडनाव विचारायला बंदी आहे. चपला घालून आत आलात तर चालेल, आईच्या भाजीत मीठ कमी आहे म्हणालात तरी एक वेळ चालेल, पण "आपलं आडनाव काय?" असं तोंडातून निघालं की बाबा खुर्चीतून उठतात आणि भाषण सुरू होतं. आपल्याकडे आडनाव विचारणाऱ्याला आडनाव नको असतं. त्याचा पुढचा प्रश्न "म्हणजे मूळ कुठले तुम्ही?" हा असतो. मग तो समजल्यासारखी मान हलवतो, आणि सकाळपर्यंत रिकामी असलेली भाड्याची खोली "कालच गेली हो" होते. बाबांच्या तरुणपणी अकोल्यात अशा बऱ्याच खोल्या कालच गेल्या होत्या.

बाबा एसी टेक्निशियन म्हणून बहरीनला आले ते दोन पँटी आणि जातीविरुद्धच्या चळवळीची पेटीभर पत्रकं घेऊन. मी अक्षरं त्या पत्रकांवर शिकलो. (इतर मुलं 'अ अननसाचा' म्हणत होती तेव्हा मी 'अ अन्यायाचा' म्हणत होतो. शाळा इंग्रजी होती, त्यामुळे बाईंना ते कळलं नाही.) साहजिकच मोठा होऊन मीही पत्रकं लिहू लागलो. इथे रस्त्यावर उभं राहून ती वाटता येत नाहीत, म्हणून माझे वाचक तीनच: बाबा, आई आणि ताई. पैकी बाबा शुद्धलेखन तपासतात, ताई वाचत नाही, आणि आई "लय छान लिवलं बापा" म्हणून त्यावर मेथी निवडते.

तर, एका संध्याकाळी ताईनं जाहीर केलं की तिला लग्न करायचं आहे. ताई, म्हणजे सुजाता, सलमानियाजवळच्या एका क्लिनिकमध्ये नर्स आहे. मुलगा तिथेच फिजिओथेरपिस्ट. नाव टॉम. इंग्लंडचा.

बाबांच्या घशात एक प्रश्न अडकलेला मला स्पष्ट दिसत होता. बंदी त्यांनीच घातलेली, मोडणार कशी? शेवटी ते पाणी प्यायले आणि त्यांनी वाट काढली.

"त्याचं *पूर्ण* नाव काय?"

"टॉम ऑक्सनथ्वेट," ताई म्हणाली.

"म्हणजे मूळ कुठले हे लोक?"

"बाबा!" मी ओरडलो. बाबा ओशाळले, पण मागे हटले नाहीत. इंग्रजांना हा नियम लागू नाही, त्यांच्यात जात नसते, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, जात नसेल, पण जमीनदार होते, लॉर्ड होते, अर्ध्या जगावर राज्य करणारे साहेब होते. यातला हा कोण? बाबांनी कौतुकानं माझ्याकडे बघितलं. आईनं फोटो मागितला.

ताईनं फोटो द्यायला साफ नकार दिला. "आधी फोटो, मग बायोडेटा, मग आडनाव, मग गाव. या सगळ्याविरुद्ध लिहून लिहून या घरातला प्रिंटर खराब झालाय. शुक्रवारी तो जेवायला येईल. तेव्हा माणूस बघा आणि काय ते सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मी लग्न करणार नाही असं नाही, पण मला तुमचं 'हो' हवंय. मनापासून." आणि ती ड्यूटीवर निघून गेली.

माणूस शुक्रवारी येणार होता. आडनाव मात्र आजच हातात होतं.

आता मी सित्र्यातल्या एका कारखान्यात डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. कोणता कागद कुठून आला, कुणाकडे गेला, त्याची जुनी प्रत कुठल्या कपाटात आहे, हे हुडकून काढणं हेच माझं पोटापाण्याचं काम. एका आडनावानं माझ्यापुढे काय टिकावं? लंच ब्रेकमध्ये डबा एका बाजूला आणि कीबोर्ड दुसऱ्या बाजूला ठेवून मी कामाला लागलो. (ही चौकशी नव्हती. चौकशी आपले शत्रू करतात. हा अभ्यास होता.)

इंटरनेटवर आडनावांचे नकाशे मिळतात. एखादं साधं इंग्रजी आडनाव टाकलं की सगळ्या इंग्लंडला गोवर आल्यासारखे लाल ठिपके उठतात. ऑक्सनथ्वेट टाकल्यावर सबंध देश स्वच्छ! फक्त उत्तरेकडच्या डोंगरात, एका दरीत, चार-पाच ठिपके एकमेकांना चिकटून बसलेले. सगळे ऑक्सनथ्वेट गोळा केले असते तरी आमच्या कंपनीची एक बस भरली नसती. अर्थही सापडला. थ्वेट म्हणजे झाडं तोडून मोकळी केलेली जागा. समुद्रापलीकडून आलेल्या लोकांनी तो शब्द त्या डोंगरात आणला. ऑक्सन म्हणजे बैल. जिथे बैल चरायचे त्या रानावरून वस्तीचं नाव, आणि वस्तीवरून माणसांचं.

"म्हंजे शेतकरीच हायेत ना?" आई खूश झाली. "बैलवाले. मंग काय वाईट हाये?"

तिथेच थांबलो असतो तर ही गोष्ट तुम्हाला सांगायची वेळ आली नसती. पण दुसऱ्या दिवशी मी जगाचा नकाशा उघडला आणि खुर्चीतून उठलोच. दरीत चार-पाच ठिपके, आणि तिकडे कॅरिबियन समुद्रातल्या एका एवढ्याशा बेटावर रांगोळीचा डबा सांडावा तसे ठिपकेच ठिपके. डोंगरातली माणसं इतक्या लांब बेटावर काय करत होती? आणखी दोन लंच ब्रेक घालवल्यावर एका जुन्या यादीत सापडलं: ऑक्सनथ्वेट, उसाच्या मळ्याचे मालक. ऊस कोण तोडत होतं? गुलाम. खलास! माझ्या बहिणीचा हात मागायला गुलामांच्या मालकाचा वारस येत होता, तोही शुक्रवारी, आमच्याच घरी, पाटवडीचा रस्सा खायला.

शेजारच्या फिलोमिना आंटींना मी लिफ्टमध्ये हे सांगितलं. आंटी मूळच्या वसईच्या, एका हॉटेलात हाउसकीपिंगला आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाळा, माझं आडनाव डिमेलो. पोर्तुगालमध्ये माझा कोण मामा बसलाय? ज्या पाद्रीनं बाप्तिस्मा दिला असेल त्याचं नाव लागलं, एवढंच. नावावरून तू कसं काय बोलतोस?"

मी त्यांना नम्रपणे सांगितलं की आंटी, हा पूर्ण वेगळा विषय आहे. (हाच विषय होता.)

गुरुवारी मी एक पानी पत्रक तयार केलं, इंग्रजीत, सात प्रश्नांचं. 'आपल्या पूर्वजांनी उसाच्या मळ्यांतून केलेल्या शोषणाबद्दल आपली भूमिका काय?' इथून सुरुवात होती, तिसरा 'हा इतिहास आपल्या घराण्याला माहीत तरी आहे का?' असा होता, आणि पुढे प्रश्न चढत जात होते. बाबांनी चष्मा लावून ते तपासलं. एका परिच्छेदात 'शोषण' तीनदा आलंय, एक काढ, म्हणाले. बाकी ठीक आहे. आईनं विचारलं की हे जेवणाआधी की जेवणानंतर?

"आधी," मी म्हटलं.

"मंग रस्सा गार होईन ना. तो पोरगा जेवाले येऊन रायला का परीक्षेले?"

तत्त्वाच्या गोष्टीत आईचं असं असतं, म्हणून आम्ही पुढे गेलो. आता आमच्याकडे सभेची एक पद्धत आहे. लोक यायच्या आत प्रत्येक खुर्चीवर पत्रक ठेवायचं. म्हणजे माणूस बसताना ते उचलतो, आणि उचललं की वाचतोच. बाबांनी आयुष्यभर असंच केलं. शुक्रवारी दुपारी ताई टॉमला घ्यायला खाली गेली, तेवढ्यात मी पाचही खुर्च्यांवर पाच प्रती ठेवल्या आणि दार उघडायला गेलो.

दारात ताई होती. तिच्या शेजारी एक उंच, सावळ्याहून कितीतरी गडद रंगाचा तरुण उभा होता. पांढरा शर्ट, हातात बाब अल बहरीनच्या बाजारातल्या हलव्याचा डबा. मी त्याच्याकडे बघून हसलो आणि त्याच्या मागे जिन्यात टॉमला शोधू लागलो.

"टॉम गाडी पार्क करतोय का?" मी विचारलं.

"टॉम मीच," तो म्हणाला. इंग्रजी अगदी बातम्या देणाऱ्यासारखं. "गाडी पार्क झाली."

पुढच्या तीन सेकंदांत माझा आठवड्याचा अभ्यास डोळ्यांसमोरून उलटा गेला. बेटावरचे ठिपके. ते मालकांचे नव्हते. मालक दोन-तीन असतील. ठिपके ज्यांच्यावर मालकांनी आपलं नाव डागलं त्यांच्या पोराबाळांचे होते. आणि त्यांच्यापैकी एकाला मी 'आपल्या पूर्वजांनी केलेलं शोषण' असं विचारणारं पत्रक खुर्चीवर ठेवून आत बोलावत होतो.

मी धावत जेवणाच्या टेबलाकडे गेलो. दोन प्रती हाती लागल्या. तिसरीवर आई बसली होती. तिला खूण केली, तर ती म्हणाली, "पंखा लावू का?" चौथी बाबांच्या हातात होती, ते उभे राहून टॉमकडे आणि कागदाकडे आळीपाळीनं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांचाही नकाशा आत्ताच उलटा झालाय. पाचवीकडे मी हात नेला तेवढ्यात टॉमनं ती उचलली. आमची पद्धत पक्की आहे. माणूस उचलतो, आणि उचललं की वाचतोच.

त्यानं शांतपणे वाचलं. ताईनं त्याच्या खांद्यावरून वाचलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. तिनं पर्स उचलली.

"मी फक्त एवढंच म्हटलं होतं की आधी माणूस बघा," ती मराठीत, अगदी हळू आवाजात म्हणाली. "शुक्रवारपर्यंत धीर धरवला नाही तुम्हाला. चल टॉम."

टॉमला मराठी कळलं नाही, पण पर्स कळली. त्यानं तिला हातानं थांबवलं आणि माझ्याकडे वळला.

"प्रश्न तिसरा चांगला आहे," तो म्हणाला. "माझ्या आजीनं हाच विचारला होता."

मग तो बसला आणि त्यानं सांगितलं. त्याची आजी त्या बेटावरून जहाजानं इंग्लंडला आली, इस्पितळात सफाईला लागली. आडनाव सांगितलं की साहेब लोक चमकायचे, इतकं अस्सल इंग्रजी नाव हिचं कसं? म्हातारपणी तिनं त्या दरीतल्या ऑक्सनथ्वेट मंडळींचा पत्ता काढला आणि त्यांना पत्र लिहिलं, की तुमचं नाव माझ्याकडे कसं आलं ते तुम्हाला माहीत आहे का?

"तुझी भाषा तिच्यापेक्षा बरीच सौम्य आहे," टॉम म्हणाला. त्याला खरंच हसू येत होतं. मला जमिनीत जावंसं वाटत होतं, पण आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे.

बाबा एवढा वेळ उभेच होते. त्यांनी हातातल्या कागदाची नीट घडी घातली. बाबांचं इंग्रजी कामापुरतं आहे, कॉम्प्रेसर आणि गॅसपुरतं. त्याच इंग्रजीत त्यांनी सांगितलं की त्यांच्या आजोबांचं नाव गावच्या पाटलानं ठेवलं होतं. आजोबांच्या आईबापांनी नाही, पाटलानं. कचरू. "अर्थ कचरा," बाबा म्हणाले. "लहान मूल. नाव कचरा."

हे मला माहीत नव्हतं. ताईलाही नव्हतं. पेटीभर पत्रकांत ते कुठेच नव्हतं.

टॉमनं हातातलं पत्रक खाली ठेवलं. मग बाबांनी त्याला इतकंच सांगितलं, की माझ्या मुलानं चूक केली, मी ती तपासून पास केली, म्हणून माफी मी मागतो. टॉम उठला आणि त्यानं दोन्ही हातांनी बाबांचा हात धरला. ताईनं पर्स कुठे ठेवली ते कुणी पाहिलं नाही.

"आता जेवा ना बापा," आई म्हणाली. "म्या दोनदा गरम केला रस्सा."

पाटवडीच्या तिसऱ्या वाटीला टॉमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तो थांबला नाही. बाबांनी ताईला विचारलं, तारीख कधीची धरायची? ताई रडली, मग मला पाठीत एक जोरात गुद्दा घातला, आणि मला कळलं की मला माफ केलंय.

जेवताना मी टॉमला विचारलं की आजीच्या पत्राला उत्तर आलं का? आलं होतं. दरीत ऑक्सनथ्वेट म्हणून एक म्हातारे नवरा-बायको आहेत, मेंढ्या पाळतात. त्यांनी आठ पानांचं उत्तर पाठवलं, मग भेटायला आले. आजी गेली तेव्हा चर्चमध्ये ते दोघं पहिल्या रांगेत बसले होते. टॉमच्या लग्नाला ते येणार म्हणजे येणार.

तर आता ते येताहेत. लग्न इथेच आहे, आणि विमानतळावर त्यांना घ्यायला कोणी जायचं यावर घरात पाच मिनिटंही चर्चा झाली नाही. ज्याचा त्या घराण्यावर सगळ्यात जास्त अभ्यास आहे, त्यानंच जावं, असं ताई म्हणाली. मी जबाबदारी म्हणून त्यांना गाडीत विचारायचे सतरा प्रश्न काढले आणि बाबांना तपासायला दिले. बाबांनी चष्मा लावला, लाल पेन घेतलं आणि सोळा खोडले.

राहिलेला एक मी पाठ करतोय: "प्रवास कसा झाला?"