बायकोच्या पासपोर्टातला शिक्का

तर त्या गृहस्थांचे कान काही केल्या फोटोत येईनात, इथपर्यंत काल आपण आलो होतो. केस इतके दाट, की कान आहेत की नाहीत हे त्यांच्या आईलाच ठाऊक. आणि व्हिसाच्या फोटोत तर दोन्ही कान दिसले पाहिजेत, मागचा पडदा पांढराशुभ्र पाहिजे, चष्मा उतरवलेला पाहिजे, आणि चेहऱ्यावर हसू नको. मी पाणी लावलं, कंगवा फिरवला, पिना लावल्या. कान एक दिसला की दुसरा लपायचा. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून मास्तर मान वर न करता म्हणाला, "न्हाव्याकडे पाठव त्यांना. कान काय, उद्याही तिथेच असतील." गृहस्थ गेले, केस कापून आले आणि पहिल्या फटक्यात फोटो निघाला. त्यांनी आभार मानले ते मास्तरचे. फोटो मी काढला होता.

हे असं कायमच. म्हणून म्हटलं, आज त्या मास्तरबद्दलच सांगावं.

मास्तर म्हणजे फॉर्ममास्तर. शाळेत कधी शिकवलं नाही, पण व्हिसाच्या कचेरीसमोर, जिन्याखालच्या जागेत टेबल टाकून एकतीस वर्षं लोकांचे अर्ज भरले. त्याच जिन्याला लागून माझा फोटोचा गाळा. आम्ही एका गावचे, एका शाळेचे, एका बाकावरचे. त्याचं अक्षर असं, की गुरुजी रोज सकाळी फळ्यावर तारीख त्याच्याकडून लिहून घ्यायचे. फळा पुसायचं काम माझं. तेव्हापासून तो लिहितोय आणि मी बघतोय. माझ्या स्टुलावर माणूस तीन मिनिटं बसतो. त्याच्यासमोर तास तास बसतो, घरातली गुपितं सांगतो, आणि उठताना त्याला सर म्हणतो. मला आजवर कुणी सर म्हटलेलं नाही. असो.

त्याला काय येत नव्हतं ते विचारा. परत येण्याच्या तारखेनंतरही पासपोर्ट सहा महिने चालू हवा, आत दोन पानं समोरासमोर कोरी हवीत. राहणार कुठे तो पत्ता, बोलावणाऱ्याचं पत्र, परतीचं तिकीट, आजारपणाचा विमा. औषधं मूळ पाकिटातच, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. बिया, मांस, दूध, मध सोबत असेल तर कस्टमच्या कागदावर आधीच 'होय' लिहायचं आणि सामान घेऊन लाल पाटीखालून जायचं. काही नसेल तर हिरव्या पाटीखालून. विमान उतरल्यापासून रस्त्यावर पाऊल पडेपर्यंत कुठे वळायचं, कुठे थांबायचं, हे तो डोळे मिटून सांगायचा. विमानात मात्र एकदाही बसलेला नव्हता. त्याचा पासपोर्ट दोनदा मुदत संपून नवा करून घेतलेला, आणि दोन्ही वेळा आतून अगदी कोरा.

मग त्याच्या लेकीचं पत्र आलं. लेक परदेशात, मोठ्या शहरात, नवऱ्याबरोबर. पहिलं बाळंतपण. आईबाबा दोघांनीही या, म्हणाली. मास्तरने टेबलावर दोन अर्ज शेजारी शेजारी ठेवले आणि असे भरले, की छापलेले वाटावेत. एका चौकोनात एक अक्षर, एकही रेघेला टेकलेलं नाही.

फोटोला दोघं माझ्याकडे आली. मास्तरचा एका झटक्यात झाला, त्याचा चेहरा जन्मापासून व्हिसाचाच आहे. वहिनी मात्र हसू आवरेनात. सात फोटो बाद झाले. मी म्हटलं, वहिनी, काहीतरी वाईट आठवा. त्या मास्तरकडे बघून पुन्हा हसल्या. आठव्या वेळेला कशाबशा गप्प झाल्या.

तीन आठवड्यांनी दोन पाकिटं आली. वहिनींच्या पासपोर्टात व्हिसा होता. मास्तरच्या पासपोर्टात व्हिसा नाकारल्याचा एक छापील कागद होता, त्यावर सहा ओळी आणि तिसऱ्या ओळीसमोर बरोबरची खूण: दिलेली माहिती विश्वासार्ह वाटत नाही.

मास्तर ती ओळ दिवसभर वाचत बसला. कोणती माहिती, ते लिहिलेलं नव्हतं. दोन्ही अर्ज एकाच हाताने, एकाच शाईने भरलेले. पत्ता तोच, लेक तीच. आपल्या अर्जाची नक्कल त्याने भिंग लावून तपासली, एक चूक सापडली नाही. लोकांना सांगायला लागला की कचेरीत काहीतरी घोळ झाला. लोक हो म्हणायचे, पण पुढचा फॉर्म त्याच्याकडे सरकवताना जरा थांबायचे. तेही त्याला दिसायचं.

बाळंतपण काही व्हिसासाठी थांबत नाही. वहिनींना एकटीला जावं लागणार होतं. मास्तरने त्यांची तयारी करून घ्यायला सुरुवात केली. बेचाळीस प्रश्न, बेचाळीस उत्तरं. स्वयंपाकघरात ओट्याच्या पलीकडे तो अधिकारी होऊन उभा राहायचा, अलीकडे वहिनी. विचारलं तेवढंच बोलायचं, जास्तीचा शब्द नाही, हसायचं तर मुळीच नाही. वहिनी चाकू बाजूला ठेवून म्हणाल्या, "अहो, तो मला एवढं कशाला विचारेल? त्याच्या मागे दुसरी कामं नाहीत का?" मास्तर म्हणाला की तुला त्यातलं काही कळत नाही. म्हणाला खरं, पण त्या ओट्यापाशी मी बसलो होतो, मला दिसत होतं. प्रश्न विचारताना त्याचा आवाज अधिकाऱ्याचा होता आणि डोळे ओट्याच्या त्या बाजूला होते, जिथे वहिनी उभ्या होत्या.

विमानतळावर तो काचेच्या दारापर्यंत गेला. तिकीट नसलेल्याला पुढे सोडत नाहीत. दाराशी उभा राहून हाताने खुणा करत राहिला, डावीकडे वळ, डावीकडे. वहिनी उजवीकडे गेल्या आणि बरोबर पोचल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, तेव्हा मास्तर माझ्या गाळ्यात होता. पोहोचले, लेक बरी आहे, अजून आठवडा आहे, सगळं सांगून झालं. मग रांगेचं निघालं. दोऱ्या बांधून नागमोडी केलेली रांग, काउंटरवर भाच्याच्या वयाचा पोरगेला अधिकारी. त्याने फोनवर दुभाषी घेतला आणि बेचाळिसांपैकी एकच प्रश्न विचारला, कशासाठी आलात. लेकीच्या बाळंतपणाला, वहिनी म्हणाल्या. मग त्याने संगणकात बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि दुसरं विचारलं, जे मास्तरच्या यादीत नव्हतंच. तुमच्या अर्जात लिहिलेला हा फोन नंबर कुणाचा?

आता हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. मास्तरकडे यायचे त्यांत निम्म्यांकडे धड फोन नसायचा. कुणी खेड्यातून आलेलं, कुणी नंबर बदललेला, कुणाला निरोप वाचता यायचा नाही. अर्जात तर फोनचे चौकोन रिकामे ठेवून चालत नाही. मास्तर तिथे स्वतःचा नंबर घालायचा. अर्ज पोहोचला, कागद कमी आहे, पासपोर्ट घेऊन जा, सगळे निरोप त्याच्या फोनवर यायचे आणि तो माणसं शोधून शोधून सांगायचा. वर्षानुवर्षं. आणि तोच नंबर त्याने वहिनींच्या आणि स्वतःच्याही अर्जात घातला. वहिनींचा अर्ज बाकीच्यांसारखा सुटून गेला, पण फोन मास्तरच्याच नावावर नोंदलेला, म्हणून अडकला तो. त्या देशाच्या संगणकात चारशेहून जास्त माणसं एका फोनला लटकलेली होती, आणि तो फोन म्हणे एका घरगुती गृहस्थाचा, जो लेकीला भेटायला निघालाय. कोण विश्वास ठेवेल?

वहिनींनी अधिकाऱ्याला सरळ सांगून टाकलं की नंबर माझ्या नवऱ्याचा, ज्याला फोन नाही त्याला तो आपला देतो, घास तोंडात असतानाही वाजतो, आणि निरोप तर तुमचेच असतात. दुभाष्याने ते सांगितलं तसा तो पोरगा मोठ्याने हसला, काहीतरी टिपून घेतलं आणि शिक्का मारला.

म्हणजे तीन आठवडे भिंग लावून मास्तरला जे सापडलं नाही ते वहिनींना दोन मिनिटांत कळलं होतं. मला वाटलं, आता याला हायसं वाटेल. पण त्याने फोन ठेवला आणि माझ्या स्टुलावर, पांढऱ्या पडद्यासमोर बसून राहिला. मग म्हणाला, "माझ्याबद्दल विचारलं, आणि तेही तिला."

तिथून त्याला जे लागलं ते उतरेना. नात झाली, फोटो आले. नातीला बघून डोळे पुसायचा आणि मग वहिनींच्या मागे काय दिसतंय ते बघत बसायचा. विमानतळाची पाटी, बसची रांग, खिडकीतलं आभाळ. म्हणायचा, ती बघ कशी उभी आहे, जशी काय जन्मली तिथे.

तीन महिन्यांनी वहिनी परतल्या. येताना एक पावती आणली. जाताना त्यांनी लेकीसाठी मधाची बाटली नेली होती, आणि कस्टमच्या कागदावर मास्तरने शिकवलं तसं 'होय' लिहिलं होतं. तिथल्या बाईने मध ठेवून घेतला, माफी मागितली आणि पावती दिली. ही पावती मिळते, असं मास्तर एकतीस वर्षं लोकांना सांगत आला होता. त्याने स्वतः ती कधी पाहिली नव्हती. उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी बघितली, घडी पुन्हा होती तशी घातली. मग वहिनींचा पासपोर्ट घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, तुझा तो मोठा दिवा लाव. दिव्याखाली शिक्का निरखला. लांबट गोल, मध्ये तारीख, वर बारीक विमान. पान तिरकं करून पुन्हा बघितलं. शेवटी म्हणाला, "शाई फिकीच आहे."

आणि मग खरा कहर झाला. वहिनी दुपारी एक वाजता त्याचा डबा घेऊन यायच्या. एक दिवस एक बाई टेबलाशी आली, फॉर्म हातात, आणि मास्तरला विचारते, "काकू कधी येतात?" मास्तर म्हणाला, फॉर्म मी भरतो. ती म्हणाली, भराल हो, पण त्या जाऊन आल्यात ना, त्यांना विचारायचं होतं. मग काय, रोज एकला माझ्या गाळ्याबाहेरच्या बाकावर चार-पाच जणं. वहिनी सांगायच्या, डब्यात काही असेल तर लाल पाटी, घाबरू नका, औषधं पाकिटातून काढू नका. अक्षरन् अक्षर मास्तरचंच. पण लोक ते असं ऐकायचे, की मास्तरसमोर तसं कधी कुणी ऐकलं नसेल. एकदा तो न राहवून बोलला की हेच मी सांगत आलोय. एक गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, "हो सर, पण त्यांनी बघितलंय." त्या दिवशी डबा तसाच परत गेला.

वहिनींनी ते बघितलं. संध्याकाळी म्हणाल्या, पुन्हा अर्ज करा, आणि फोनचं आहे तसं लिहून द्या. मास्तर म्हणे, अर्जात तशी जागा नसते. वहिनी म्हणाल्या, मग वेगळ्या कागदावर लिहा, तुम्हाला कागदाचा काय तोटा. त्याने लिहिलं. दीड पान, सुरेख अक्षर, नंबर कुणाकुणाला दिला आणि का दिला. या वेळी कचेरीने त्याला मुलाखतीला बोलावलं.

एकतीस वर्षं त्या दारासमोर बसलेला माणूस पहिल्यांदा रस्ता ओलांडून आत गेला. मी गाळ्याच्या दारात उभा होतो. खोटं कशाला बोलू, मलाही आतून कुठेतरी टोचलं. मी आयुष्यभर लोकांचे चेहरे सरळ करून त्या दारातून आत पाठवले, माझा कधी कुणी मागितला नाही.

त्याला व्हिसा मिळाला, हे आधीच सांगून टाकतो. पण कशावर मिळाला ते ऐका. खिडकीपलीकडे एक वयस्कर अधिकारी, शेजारी दुभाषी बाई. फोनचं त्यांनी पत्रातच वाचलं होतं, त्यावर दोन प्रश्न विचारले, मान डोलावली. मग अधिकाऱ्याने कागद बाजूला ठेवून विचारलं, की तुमची लेक सुखरूप आहे, बाळ ठीक आहे, पत्नीही मदत करून परत आल्या. आता तुम्हाला कशासाठी जायचंय?

याचं उत्तर मास्तरच्या यादीत सातव्या क्रमांकावर आहे: कुटुंबाला भेटण्यासाठी, थोड्या दिवसांकरता. हजारो लोकांकडून त्याने ते घोकून घेतलंय. तोंड उघडलं तेव्हाही तेच येणार होतं, असं तो शपथेवर सांगतो. पण दुभाषी बाईचं पेन थांबलं आणि अधिकारी तिच्याकडे बघायला लागला, कारण मास्तर म्हणाला होता:

"साहेब, माझी बायको जाऊन आली आणि मी नाही गेलो. नातीला बघायचंच आहे, ती मला फोनवर रोज दिसते. पण घरात दोन पासपोर्ट एका कपाटात आहेत, एकावर शिक्का आहे आणि एक कोरा आहे, आणि कोरा माझा आहे. तीन महिने झाले, मला तिच्या हातचं जेवण गोड लागत नाही."